खिंडीतली भाऊबीज

देवानं माणसासाठी चार दिशा केल्या, पण आमच्या चाकणच्या घरमालकांपर्यंत त्यांतली एकही पोचली नाही. एसटीच्या मोटारी नव्यानंच धावू लागल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. मी चाकणला कांद्याच्या अडतीवर कारकून होतो आणि त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्यानं राहायचो. माणूस चांगला सहा फुटी, मिशा भरघोस, चालणं असं ऐटबाज की परगावचा माणूस घोळक्यातून नेमका त्यांनाच वाट विचारायचा आणि फसायचा. 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. हात उंच करायचे, बोट ताठ करायचे आणि म्हणायचे, "हे काय, असं नाकासमोर." आळंदीला निघालेली एक म्हातारी त्या बोटाच्या भरवशावर खेडला जाऊन पोचली. आठ दिवसांनी तिनं बाजारात त्यांना गाठलं, तर हे तिलाच म्हणाले, "मावशे, तू मधी कुठं वळलीस का?" देवळातून हे नेहमी भलत्याच दारानं बाहेर पडायचे आणि वहाणा चोरीला गेल्याचा बोभाटा करायचे. वहाणा दुसऱ्या दाराशी मुकाट पडलेल्या असायच्या.

असा माणूस पन्नाशीपर्यंत शेती, बाजार, सोयरीक सगळं सांभाळत आला कसा, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. मग एका बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीत बसलो आणि उलगडा झाला. गाडी जुंपली की हे घोंगडं ओढून आडवे व्हायचे. बैल शहाणे होते. ते आपणच वळायचे, ओढ्याशी आपणच थांबायचे आणि घराच्या दारात उभे राहून हंबरायचे. मालकीणबाई मला एकदा गंभीरपणानं म्हणाल्या, "बैल हायेत म्हणून आमचा संसार हाय."

फक्त एक वाट त्यांना स्वतःच्या पायांनी येत होती. गावाच्या मावळतीला डोंगर आहे. त्याच्या पलीकडं, इंद्रायणीच्या खोऱ्यात, त्यांची धाकटी बहीण दिलेली. तिचा नवरा, म्हणजे दाजी, यांच्याशी घरमालकांचं वाजलं होतं, आणि कशावरून म्हणाल तर फेट्यावरून. कुणाच्या तरी लग्नात दाजींना मानाचा फेटा मिळाला, त्यांनी तो क्षणभर मांडवाच्या मेढीवर ठेवला आणि म्हशीनं तो निम्मा चघळला. सगळा मांडव गप्प बसला होता, पण आमचे घरमालक बोलले, "म्हशीला तरी पसंत पडला म्हणायचा." झालं. दाजींनी भरमांडवात शपथ घेतली की ह्या माणसाचं पाऊल माझ्या उंबऱ्यात पडायचं नाही आणि माझ्या बायकोचं ह्याच्या उंबऱ्यात पडायचं नाही. पण डोंगराच्या खिंडीत वाघजाईचं ठाणं आहे, आणि शेंदूर फासलेल्या दोन दगडांना काही उंबरा नसतो. तेव्हापासून भाऊबीज तिथं व्हायची. हे इकडून लुगडं काखेत मारून चढायचे, ती तिकडून ताट आणि करंज्या घेऊन यायची. वर्षातली तेवढीच एक भेट, दोघांचीच. वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली, तिच्यात पाय घातला की ती माणसाला आपण होऊन वर न्यायची.

मग एका चैत्रात वणवा लागला. कुणाच्या बिडीनं लागला की चांगलं गवत यावं म्हणून कुणी लावला, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण इकडच्या पायथ्यापासून खिंडीपर्यंत सगळा डोंगर काळा झाला. मला वाटलं, आता तर वाट जास्तच मोकळी दिसेल. पण जळलेल्या रानावर पाऊस पडला आणि असं काही उगवलं की विचारू नका. पुरुषभर गवत, त्यात करवंदीची जाळी, जळक्या बुंध्यांना फुटलेले धुमारे आणि सगळ्यांवर पसरलेली घाणेरी. वाट कुठं गेली ते डोंगरालाही सांगता आलं नसतं. त्या भाऊबीजेला घरमालक पहाटे लुगडं घेऊन गेले आणि दिवस मावळल्यावर तेच लुगडं घेऊन भलत्याच वाडीतून परत आले. पुढल्या वर्षीही तेच. बहीण दोन्ही वर्षं वाघजाईपाशी दिवा विझेपर्यंत बसून होती, असं एका गुराख्याकडून कळलं. हे ऐकल्यावर ते जेवले नाहीत. उठून ओट्यावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "राव, औंदा वाट काढायचीच. तुमी संगं ऱ्हावा."

मी भाडेकरू. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या वर्षीचे माझे सगळे रविवार त्या डोंगरात गेले आणि मी कुठं गेलो होतो हे आजही मला नीट सांगता येणार नाही. सकाळी निघाल्यावर सूर्य पाठीशी असायला हवा होता, तो आमच्या डोळ्यांत असायचा. मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, "सकाळचा तो जरा इकडं तिकडं करतोच." त्यांच्या खुणाही अशा की ऐकून डोकं धरावं. "हितं एक तांबडी गाय चरत असती, तिथनं उजवीकडं." वरून पिंपरीच्या बाजूला नव्या कारखान्याचा धूर दिसला की घर डाव्या हाताला, असा एक नेम त्यांनी बसवला होता. नेम चुकीचा नव्हता. पण कुणा गुराख्यानं चहाला तीन दगड मांडून जाळ केला तरी यांना ती पिंपरी वाटायची, आणि मग आम्ही त्या पिंपरीच्या डावीकडं तासन्‌तास चालायचो.

एकदा त्यांनी अक्कल लढवली. मालकीणबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या आणि आलो त्या वाटेवर झुडपाझुडपाला बांधल्या. मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू. पंधरा दिवसांनी जाऊन पाहतो तो डोंगरभर चिंध्या. लाकडाला येणाऱ्या बायकांना वाटलं, इथं कुणी नवसाचं देवस्थान जागं झालंय, आणि त्यांनी आपापल्या चिंध्या जोडीला बांधल्या. एका घाणेरीच्या झुडपापुढं तर नारळ फोडलेला होता. घरमालकांनी त्याला हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा मला दिला आणि विचारलं, "आता कंची आपली आन् कंची त्यांची?" मी तुकडा खाल्ला.

अशी तिसरी भाऊबीज आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं त्यांच्या काखेत, माझ्या खांद्याला पाण्याची पिशवी. दुपार कलली तरी आम्ही गवतातच. धोतरात कुसळं, हातावर ओरखडे, आणि त्यांनी बोट ताठ करणंही सोडून दिलं, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. मग पायाखाली उतार लागला. मी म्हटलं, आपण उतरतोय. ते म्हणाले, "खिंड जवळ आली की डोंगर जरा उतरतोच." उतरत उतरत आम्ही एक काटेरी कुंपण ओलांडलं आणि कुणाच्या तरी परसात उभे राहिलो. समोर एक माणूस चऱ्हाट वळत बसला होता. घरमालकांनी त्याला पाहिलं आणि एकदम पाठ फिरवून उभे राहिले. ते दाजी होते.

दाजींनी चऱ्हाट खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या सोबत्याला सांगा, ती सकाळधरनं वर गेलीया. तिसरं वरीस हाय."

घरमालक पाठमोरेच म्हणाले, "राव, त्यांना सांगा, वाट घावत न्हाई. लई हुडकली."

दोघं हाताच्या अंतरावर. मी मधे उभा राहून कुणाला काय सांगावं या गोंधळात पडलो, कारण दोघांनीही एकमेकांचं ऐकलेलंच होतं. तरी मी दोन्हीकडं एकेकदा सांगितलं. दाजी बराच वेळ घरमालकांच्या पाठीकडं, त्यांच्या फाटलेल्या सदऱ्याकडं पाहत राहिले. मग आत गेले, कोयता घेऊन आले आणि पुन्हा मलाच म्हणाले, "त्यांना म्हणावं, माझ्या मागनं या."

दाजी पुढं वाटेत आलेली घाणेरी तोडत, मागं घरमालक, शेवटी मी. तासाभरात खिंड आली. त्या बाजूनं ती इतकी जवळ होती. बहीण वाघजाईपुढं ताट मांडीवर घेऊन बसली होती. आधी नवरा दिसला तशी ती घाबरून उभी राहिली आणि मग त्याच्या मागं भाऊ दिसला.

"दादा, तू हिकडनं कसा?"

"तुझ्याच परसातनं आलो बाय," ते म्हणाले आणि तिथंच मातीत बसले.

तिनं ओवाळलं. तीन वर्षांची ओवाळणी म्हणून त्यांनी लुगडं पुढं केलं. दोघंही रडली, आणि मीही रडलो, उगाच का लपवू. दाजी कोयत्याची मूठ न्याहाळत बाजूला उभे होते. सगळं झाल्यावर ते पहिल्यांदाच सरळ घरमालकांना म्हणाले, "उंबऱ्यात पाऊल नगं म्हणालो हुतो. परसातनं तर तुमी येऊन गेलासाच. चला, परसदारानं जेवाया चला." आणि आम्ही जेवायला गेलो.

पुढल्या वर्षापासून घरमालक भाऊबीजेला एसटीनं जाऊ लागले. कंडक्टर त्यांना नेमक्या गावी उतरवायचा, दाजी मोटारीपर्यंत घ्यायला यायचे. माझे रविवार मोकळे झाले आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. डोंगराकडं मग कुणी फिरकलंच नाही. घरमालक पहिल्यांदा असे एसटीनं जाऊन आले त्या संध्याकाळी मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारलं, "काय म्हणते बहीण?"

"बरी हाय," ते म्हणाले. "पुरणपोळी केली हुती. दाजींनी समदा मळा हिंडून दावला, लई बोलत्यात आता." मग म्हणाले, "ती चुलीपाशी हुती, राव. मी म्होरं सोप्यात दाजींसंगं बसलेलो. ओवाळताना काय तरी सांगणार हुती, तवर दाजींनी हाक मारली."

"काय सांगणार होती?"

त्यांनी डोंगराकडं पाहिलं. या वेळी बरोबर डोंगराकडंच.

"इचारायचं ऱ्हाइलं," ते म्हणाले.