तिथं घेत नाहीत

आमच्या ह्यांच्यापासून मी दोनच गोष्टी लपवल्या. एक म्हणजे, डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांच्या चहात मी निम्मीच साखर घालत होते. ती त्यांना कळली होती बहुतेक. दुसरी कळली नाही. ते जाऊनही आता सहा वर्षं झाली, आणि ती दुसरी गोष्ट अजून माझ्याजवळच आहे — मुलाला नाही, बहिणीला नाही, कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

तशी मी बोलकी बाई. शाळा सातवीपर्यंत. पुढचं लिहिणं एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शिकले, फळ्यावर रोज आजची भाजी, आजची आमटी लिहून लिहून. आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगमध्ये कुणाला कुठं सहलीला जायचं असलं की माझ्याकडे येतात. बस कुणाची सांगायची, नाश्ता कुठं करायचा, कुणाला बस लागते, म्हणून त्याला पुढं बसवायचं — हे सगळं माझ्या डोक्यात असतं. माझा हात बसलाय त्यात. आणि जे केलं ते मी त्यातच केलं.

माझी धाकटी जाऊ, वनिता. आमची दारं समोरासमोर. तिची मुलगी रेश्मा. जन्मली तेव्हा वेळेवर रडली नाही, आणि त्याचं सगळं पुढं निघालं — पाय चालत नाहीत, हात वळतात, जीभ जड, तोंडातून लाळ येते. डोकं मात्र असं, की आमच्या अख्ख्या खानदानात कुणाला नाही. तिला मला 'मोठी मम्मी' म्हणायचं असतं, निघतं 'मोमी'. पहिला शब्द तोच बोलली ती. वनिता अजून टोमणा मारते, "नऊ महिने वाहिलं मी, आणि नाव घेतलं ताईंचं."

मी सांगतेय त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. रेश्मा अकराची होती. माझ्या मोठ्याचं लग्न ठरलं होतं, घरात सगळे खुशीत होते, आणि मी ठरवलं की या वेळी बाग नाही, चौपाटी नाही — ते मोठं पार्क असतं ना, मुंबईबाहेर, पाण्याचे खेळ, आकाशात फिरणारे पाळणे — तिथं जायचं. सगळ्या घरानं. आमच्यात कुणीच असलं काही पाहिलेलं नव्हतं. जत्रेतला पाळणा, तेवढाच. व्याह्यांनाही बोलावलं. मोठा ग्रुप असेल तर पार्कचा एक माणूस दिवसभर बरोबर फिरतो, काय कुठं आहे ते दाखवतो, असं त्यांच्या पत्रकात होतं. गाइड. आम्हाला गाइड मिळणार, याचंच मला केवढं अप्रूप.

ते पत्रक मी आणलं आणि रेश्मानं ते पाठ केलं. खोटं नाही सांगत, पाठ. मी भाजी निवडत बसायचे आणि ती बाजूला नकाशा पसरून, एकेक शब्द ओढत ओढत मला सांगायची — मोमी, सगळे लोक दारातल्या खेळापासून सुरू करतात, म्हणून आपण शेवटच्यापासून करायचं. पाण्याचं जेवायच्या आधी, जेवून नाही, ओकारी येईल. दुपारी उन्हात इथं, कारण इथं छप्पर आहे. मी कॅलेंडरच्या पाठीमागे तिच्या सांगण्यावरून सगळं लिहून काढलं. तिचं गाल ताणून हसणं बघायचं होतं तुम्ही तेव्हा.

मग एक दिवस मी पार्कला फोन केला. बाकीचं विचारून झालं, शेवटी विचारलं, आमच्यात एक मुलगी आहे अशी, चाकाच्या खुर्चीतली, घेता का?

पलीकडे एक पोरगी होती, गोड आवाजाची. म्हणाली, "आणा ना मावशी. बाजूनं गेट आहे, आमचा माणूस धरून नेईल. दोन-तीन राइड नाही करता येणार, बाकी सगळं करेल ती."

मी थँक्यू म्हटलं, फोन ठेवला. वनिता माझ्याच ओट्याशी उभी होती, पिठाचे हात घेऊन. "काय म्हणाले, ताई?"

"घेत नाहीत गं," मी म्हटलं.

झालं. तीन शब्द. एवढ्यासाठी ही बाई पंधरा वर्षं झोप घालवते, असं म्हणाल. थांबा.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की व्याह्यांसाठी केलं. लग्न व्हायचं होतं, त्यांच्या पाहुण्यांत कुणी विचारलं असतं, हे तुमच्या घराण्यात आहे का — पोराच्या संसाराची काळजी आईला नसते का? पण हे खोटं आहे. व्याही आधी दोनदा येऊन गेले होते. विहीणबाईंनी रेश्माला स्वतःच्या हातानं शिरा भरवला होता आणि लाळ आपल्या पदरानं पुसली होती. त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

मग म्हणायचे, तोंडातून निसटलं. माणसाच्या तोंडातून जातं ना कधी — आणि मग परत घेता येत नाही. हे तर त्याहून खोटं. का ते सांगते. फोनच्या आठवडाभर आधी मी टोप्या शिवायला टाकल्या होत्या. पिवळ्या, सगळ्यांना एकसारख्या, पुढं आमचं आडनाव. मी मापं घेतली सगळ्यांच्या डोक्यांची, व्याह्यांच्या धाकट्या पोरीचंसुद्धा. रेश्माचं नाही घेतलं. ती समोर बसून मला नकाशा सांगत होती, आणि मी दोरी घेऊन तिच्या शेजारच्याचं डोकं मोजत होते.

म्हणजे माझं आधीच ठरलं होतं. फोन मी कशाला केला मग? ती पोरगी 'नाही' म्हणेल आणि माझं काम करून टाकेल, म्हणून. ती 'आणा' म्हणाली, तेव्हा ते काम मी केलं.

आणि का — हे लिहायला मला चार दिवस लागलेत. तिथं दारात ग्रुपचा मोठा फोटो काढून फ्रेम करून देतात. मला तो भिंतीवर लावायचा होता. पिवळ्या टोप्या, सगळे हसणारे, आणि त्यात मला ती मान एका बाजूला पडलेली, लाळ गळणारी पोर नको होती. एवढंच. माझा तिच्यावर जीव होता, आणि मला ती फोटोत नको होती.

रेश्माला वनितानं सांगितलं. ती रडली नाही. संध्याकाळी माझ्याकडे आली, खुर्ची ढकलवून घेत, आणि विचारलं — मोठी झाले की घेतील? मी म्हटलं, हो, घेतील की. तिनं कॅलेंडरचा कागद मागितला, एक चूक राहिली होती, ती दुरुस्त करून घेतली माझ्याकडून.

वनिता तिच्याबरोबर घरी थांबली. आम्ही गेलो. तिच्याच कागदावर चाललो, शेवटच्यापासून पुढं. कुठं रांग नाही, काही नाही. आमचा गाइड म्हणाला, "मावशी, प्लॅन एकदम झकास केलाय. आधी येऊन गेलात का?" मी म्हटलं, नाही रे, पहिल्यांदाच. सगळे टाळ्या वाजवायला लागले माझ्यासाठी. मी वाजवू दिल्या.

पुढच्या वर्षी रेश्माच्या शाळेची सहल त्याच पार्कला निघाली. तिची शाळा तसल्याच मुलांची, अर्ध्या वर्गाच्या खुर्च्या. बाई स्वतः घरी आल्या वनिताला समजवायला, की घेतात, आम्ही दरवर्षी नेतो. आणि वनिता — ही कधी कुणाशी वाकडं न बोलणारी — त्यांच्याशी भांडली. "आमच्या ताईंनी स्वतः फोन लावून विचारलंय. त्या खोटं बोलतील का? तुम्ही न्याल, आणि दारात थांबवलं तर माझ्या पोरीचं तोंड कोण बघणार?"

मी तिथंच होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तोंड उघडायला काय लागत होतं? म्हणायचं होतं, माझी ऐकण्यात चूक झाली असेल — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, खरंसुद्धा बोलावं लागलं नसतं. मी चहा ठेवायला आत गेले.

तिचा वर्ग गेला. ती राहिली. मुलं फिरून आली, तेव्हा वनिताच म्हणाली, शाळा म्हणून घेतलं असेल, एकट्यादुकट्याला नाही घेत.

आणि त्यानंतर हळूहळू ते तिच्यात बसलं. कुठं जायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न — तिथं घेतात का? लग्नाच्या हॉलवर, बागेत, घाटकोपरला नवा मॉल झाला तेव्हा. मग प्रश्नही थांबला. बारावीला तिला असे मार्क पडले की सगळी बिल्डिंग पेढे घेऊन आली. मुलुंडच्या कॉलेजात जाऊन नुसतं विचारून तरी ये, असं तिचा बाप म्हणत होता. ती म्हणाली, घेत नाहीत, पप्पा. जसं कुणी वेळापत्रक सांगावं, तसं. आता सव्वीस वर्षांची आहे. घरी बसून लोकांचं कॉम्प्युटरवर टाइप करून देते, एका बोटानं, एकही चूक नसते.

आमच्या विहारात दर रविवारी वंदना असते. माझा आवाज बरा, म्हणून पंचशील मी सांगते आणि बाकीचे माझ्यामागून म्हणतात. रेश्माही म्हणते. पण तिला वेळ लागतो ना, सगळ्यांचं म्हणून संपतं आणि तिचं चालूच असतं. तिचं होईपर्यंत मी पुढचं सुरू करत नाही, सगळ्यांना सवय झालीय. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते सगळ्यांचं होतं, विहार गप्प होतो, आणि मग त्या शांततेत ते एकटी रेश्मा म्हणत असते, तुकड्या-तुकड्यानं, माझ्याकडे बघत. मी सांगणारी असते म्हणून माझ्याकडे बघते, दुसरं काही नाही. मला ठाऊक आहे ते. तरी भाजी चिरताना, नळाचं पाणी भरताना, केव्हाही ते कानात सुरू होतं.

गेल्या महिन्यात माझी सून स्नेहल म्हणाली, नातवंडांना पार्कला न्यायचंय. तिनं मोबाइलवर बघितलं आणि वनिताला हाक मारली, "काकी, हे बघा, व्हीलचेअरवाल्यांना घेतात. रेश्माला न्यायचंच." वनिताचा चेहरा असा उजळला. "नियम बदलला वाटतं, ताई?"

"बदलला असेल," मी म्हटलं.

रेश्माला तयार करायला दोन दिवस गेले. ती यायला तयार नव्हती. आली ती अपंगत्वाचा दाखला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. दारात खुर्ची थांबली तशी तिनं तो वर धरला, दोन्ही हातांनी, कापत. गेटवरच्या मुलानं बघितलासुद्धा नाही. बाजूचं गेट उघडलं आणि म्हणाला, "या ताई." पहिल्या पाळण्यापाशी तिनं पुन्हा वर धरला. दुसऱ्यापाशी धरला. दिवसभर, प्रत्येक रांगेच्या तोंडाशी, कुणी मागायच्या आधी. कुणीच मागितला नाही. वनिता म्हणत होती, "ठेव की गं आता पिशवीत." तिनं ठेवला नाही.

दुपारी छपराखाली सगळे जेवण आणायला गेले आणि आम्ही दोघीच टेबलापाशी राहिलो. ती भिजलेली होती, मान एका बाजूला, तोंडातून लाळ येत होती, आणि ती हसत होती. फोल्डर मांडीवर. माझा हात ओढला तिनं.

"मोमी," म्हणाली, "घेतलं."

आजूबाजूला कुणी नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला वेळच वेळ होता.

मी म्हटलं, "हो ना गं. आता घेतात."

आता, म्हणाले मी.