तंद्री आत्या आणि तळ्याकाठचा गाळ

माझी आत्या तळ्यातला चिखल भाजते, असं मी लहानपणी सगळ्यांना सांगत सुटायचे. ते अगदीच खोटं नव्हतं. तळ्याचा गाळ तिच्या प्रयोगशाळेत यायचा. ती तो छोट्या वाटीत तोलायची, ओव्हनमध्ये सुकवायची, झाकणाच्या काचेच्या भांड्यात गार करायची आणि पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी. मग वाटी परत ओव्हनमध्ये, परत काट्यावर. वजन घटायचं थांबेपर्यंत हाच खेळ. वाट बघताना तिची अशी काही तंद्री लागायची की हाक मारली तरी पत्ता नसे. घरात तिचं नावच 'तंद्री' पडलं होतं. त्या खोलीत मलाही गुंगी यायची. ओव्हनची घरघर, मातीचा उबदार वास, आणि वर छताशी अख्खं तळं हळूहळू जमतंय असा भास.

बाबांनी तळ्याकाठी जागा बघून ठेवली होती. निवृत्तीनंतर तिथे घर बांधायचं, या एका स्वप्नावर ते जगत होते. परवानगी अडली होती गाळावर. ओलावा ठरलेल्या मर्यादेच्या आत निघाला तर ती जमीन, नाहीतर तळं. आणि गाळ तोलणारी होती त्यांचीच धाकटी बहीण.

"तंद्रे, जरा लक्ष असू दे हं," एवढंच बाबा म्हणाले. याहून जास्त बोलायची त्यांच्यात धमकच नव्हती.

त्या दिवशी मी तिच्याजवळच होते. दुसऱ्यांदा तोललं तेव्हा आकडा मर्यादेच्या आत होता. गाळ अजून पुरता सुकला नव्हता; पण तिथेच थांबली असती, तर उरलेलं पाणी हिशेबात आलंच नसतं आणि घर उभं राहिलं असतं. माझा जीव टांगणीला लागला. आत्या कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, झालं, लागली हिची समाधी. मग ती उठली आणि वाटी पुन्हा आत ठेवली. शेवटी तो गाळ तळ्याचाच ठरला.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात नुसते बसून होते. चहा निवून गेला. आत्या दारातच उभी राहिली.

"पाण्याकडची खोली तुझी होती," ते म्हणाले. "तुला बोललो नव्हतो. म्हातारपणी एकटी कुठे राहशील?"

"वहिनीनं सांगितलं होतं मला, दादा." तिला रडू आवरेना. "ते घर मला तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं. खिडकीला पडदा कुठला लावायचा, तेसुद्धा ठरलं होतं माझं."