काकूंचा आखडलेला खांदा

बदलापूरला थंडी पडली की रविवारी सकाळी आम्ही बेलवलीच्या मैदानात रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावतो. यंदा तिथे हेंद्रेपाड्याच्या एक काकू आपली गाडी घेऊन येऊ लागल्या. नाव कुणालाच ठाऊक नाही. साडीवर स्वेटर, पायात बूट आणि डावा हात कायम अंगाशी घट्ट दाबलेला. मला वाटलं, खांदा आखडलाय. मी तिळाचं तेल सुचवलं. "लावते हं," म्हणून त्या गालात हसल्या.

शर्यतीच्या तोंडावर त्यांनी तो हात उचलला आणि काखेतून तान्ह्या बाळाचं लोकरीचं टोपडं काढलं. आत बॅटरी होती. तिच्यावरची लाल चिकटपट्टी मी ओळखली. मेली म्हणून मीच ती इथे टाकून गेलो होतो.

"मेली नव्हती हो," काकू म्हणाल्या. "दोन-तीनदा पुरती उतरू दिली आणि दर वेळी सावकाश चार्ज केली. थंडीत तेवढी मरगळते. अंडंसुद्धा उबेशिवाय फुटत नाही."

पहिल्याच वळणावर त्यांनी मला मागे टाकलं. रिमोट धरून काकू जागच्या जागी उड्या मारत होत्या. "काकी तो उड गयी," उल्हासनगरचा एक गडी ओरडला. मी माझ्याच बॅटरीकडून हरत होतो आणि हसू काही आवरत नव्हतं.

पुढच्या रविवारी पाहतो तर माझ्यासकट सगळ्यांचेच डावे हात अंगाशी दाबलेले. काकूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला शांतपणे विचारलं, "तेल आणलंत ना?"