अण्णांची अकरा अंकी संख्या

हेडमास्तरांनी अण्णांकडून मॅट्रिकचा गणिताचा वर्ग काढून घेतला आणि आपल्या जावयाला दिला. तपासणीला आलेल्या साहेबांना ते सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले, "ह्यांना भागाकारसुद्धा जमत न्हाई." अण्णा तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते पहिलीला शिकवू लागले.

अण्णा माझे थोरले भाऊ. औरादला बीदरची बस आली की तिच्या नंबराच्या आकड्याचे ते मनातल्या मनात अवयव पाडत. आकडा कशानेच फुटला नाही तर टोपी काढत. "मूळ संख्या हाय, सुमन. मान द्यावा लागतो."

त्या उन्हाळ्यात त्यांनी सहा अंकी दोन मूळ संख्या शोधल्या. प्रत्येकीला हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले. पाटीवर मी ताळा करत होते. मग दोघींचा गुणाकार केला. त्याला एक दुपारही लागली नाही. "आता उलटं करायला सांग कुणाला तरी," म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

हेडमास्तरांना मिरवायची हौस. स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभातही ते बोलून गेले, "कुठलीही संख्या आणा, फोडून देतो." अण्णा उठले. त्यांना हार घातला आणि फळ्यावर लिहिले: ६४०८९२२५७३७.

"गुरुजी, हा दोनच मूळ संख्यांचा गुणाकार हाय. त्या काढा."

"उद्या सकाळी देतो."

अंकांची बेरीज त्रेपन्न, म्हणून तिनाने भाग जात नाही. साताने नाही, अकराने नाही, तेराने नाही. हेडमास्तर शंभरापुढे गेले, हजारापुढे गेले. दर आठवडी बाजारात अण्णा त्यांना भाजीपाशी गाठत.

"फुटली का, गुरुजी?"

"फुटायलीय."

"सावकाश होऊ द्या. भागाकार हाय. एकेकाला जमत न्हाई."

वर्षे गेली. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला कामून छळायलास? अण्णांचे उत्तर ठरलेले. "त्यानं चारचौघांत एक वाक्य बोललंय. चारचौघांतच परत घ्यावं, दोन्ही आकडे त्याच्या हातावर ठेवतो." मला त्या छळाचे कधी वाईट वाटले नाही. खरे तर बाजाराच्या दिवसाची मी वाट पाहत असे.

अण्णा गेले तेव्हा हेडमास्तर भेटायला आले. काठी भिंतीला टेकवून बसले. चहा निवला तरी उठेनात.

"सुमनबाई, ते आकडे तुम्हाला ठाऊक असतील."

"व्हय."

"एकच सांगा. दुसरा मी काढतो."

"आधी म्हणा, अण्णांना गणित येत होतं. चौकात चला आन् म्हणा."

"आता कुणाला आठवायलंय ते?"

"मला."

त्यांनी भिंतीची काठी घेतली. उठले आणि निघून गेले. चौकाकडे नाही, घराकडे.

त्यांचा नातू सांगतो, आजोबा अजून भागाकार करतात. ते दोन्ही आकडे आता मला एकटीला ठाऊक आहेत.