पदरात टाकलेले शिंगाडे

जवाहरनगरच्या वसाहतीबाहेर, कारखान्याच्या बसगाड्या वळत त्या ठिकाणी, एका शेटजींचं नाश्त्याचं हॉटेल होतं. आणीबाणी उठली त्या सुमारास मी तिथे कामाला लागले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माझे मालक कारखान्यात हेल्पर होते. ते ड्यूटीवर गेले की मी खोलीत एकटी भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून त्यांनीच शेटजींना विचारलं. भांडी घासायची, कांदे चिरायचे, आलू सोलायचे, एवढंच ठरलं होतं. चौथी शिकलेली आणि चार माणसांत तोंड न उघडणारी मी. मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

हॉटेलात स्वयंपाक करणारे महाराज उत्तरेकडचे होते. ते कांदा-लसूण खात नसत. पण नाश्त्याच्या हॉटेलात कांदा-लसणाशिवाय कसं भागणार? पोह्यांवर ओततात तो चण्याचा लाल रस्सा, आम्ही त्याला तर्री म्हणतो, त्याच्यासाठीच तर माणसं ड्यूटी सुटल्यावर तिथे गर्दी करत. महाराज ती तर्री नाकाने करायचे. वाफेवर तोंड धरायचे, डोळे मिटायचे आणि मसाला टाकायचे. मीठ मात्र नाकाला कळत नाही. आधी कचोऱ्या लाटणारी म्हातारी चाखून सांगायची, पण तिच्या तोंडात कायम तंबाखू. तिला सगळंच बरोबर लागायचं.

एक दिवस गिऱ्हाइकाने प्लेट परत केली, तेव्हा महाराजांनी मला बोलावलं. "बाई, तू चखून सांग."

मी चाखलं. बोलायची लाज वाटली म्हणून बोटांची चिमूट करून दाखवली. महाराजांनी चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा वाटी पुढे केली. मी मान हलवली. त्या दिवसापासून चव बघणं माझ्याकडे आलं.

महाराजांचा एक नियम होता. चमचा चाटून चव कळत नाही, गिऱ्हाईक खातं तसं खायचं. म्हणजे पोह्यांची प्लेट, वर तर्री, सोबत आलुबोंडा. दुपारी समोसे आणि कचोरी. जिलेबी निघाली की जिलेबी, तीही गरम, पाकातून काढल्याकाढल्या. मी खायचे आणि महाराज झारा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी काय म्हणते याची कोणी वाट पाहावी, असं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं. मला ते आवडायचं, आणि खाणंही आवडायचं.

अंगाने मी आधीच भरलेली होते. तिथे आणखी सुटले. पुढे पाळी दोन-दोन महिने येईनाशी झाली. पहिल्यांदा आली नाही तेव्हा मला वाटलं, देवाने ऐकलं. कोणाला सांगितलं नाही, चालताना जपून पाऊल टाकायला लागले. मग एक दिवस आली. असं बरेचदा झालं. शेवटी मालक मला भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "आत काही दोष दिसत नाही. वजन फार वाढलंय, त्यामुळे पाळी बिघडली आहे. वजन उतरवा, पाळी सुधारेल. मग मूल राहू शकतं. तळलेलं बंद, गोड बंद, भात अगदी थोडा." शेवटी म्हणाल्या, "वय थांबत नाही, हे लक्षात ठेवा."

मी त्यांना मी काय काम करते ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

वजन करायला काटा कुठे होता? आमच्या खोलीजवळ धानाची गिरणी होती. दुपारी हमाल भाकरी खायला बसले असताना मालकांनी मला तिथल्या पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं आणि स्वतः वजनं टाकली. मी खाली मान घालून उभी. तरी एका हमालाने पाहिलंच. "भाऊ, धान ओला दिसते. वाळवावं लागन," तो म्हणाला आणि बाकीचे हसले. मालकही थोडे हसले. घरी येताना म्हणाले, "मनावर घेऊ नको. येत्या दिवाळीले पुन्हा तोलू. तेव्हा कमी भरशील."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी प्लेट पुढे केली, तेव्हा मी म्हटलं, पोट बरं नाही. त्यांनी ओवा आणि काळं मीठ दिलं आणि दुपारी पुन्हा प्लेट पुढे केली. त्याच्या पुढच्या दिवशी म्हटलं, भूक नाही. म्हातारी लाटणं थांबवून म्हणाली, "आता का शेटाणी झाली का वो? हॉटेलातलं चालत नाही तुले?"

खरं कारण मी सांगू शकत नव्हते. महाराजांसमोर, वेटरांसमोर पाळीचं कसं बोलणार? आणि नुसतं वजन कमी करायचंय म्हटलं असतं तर लोक हसले असते. आमच्याकडे बाई जाड असली म्हणजे नवरा खाऊ-पिऊ घालतो असं समजत. बाईने मुद्दाम बारीक व्हायचं, हे कोणी ऐकलेलं नव्हतं. मी जिलेबीचा एक वेढा चाखून बाकीची ठेवायला बघायचे. हाताला पाक लागलेला असायचा. भांडी घासायला बसेपर्यंत ती संपलेली असायची. घासताना माझे डोळे भरून यायचे.

मग मला एक वाट सुचली. उपास. उपास म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, कोणी कारण विचारत नाही. मी सोमवार धरला. खोटा नव्हता तो, मी खरंच मूल मागत होते. सोमवारी म्हातारीने चव बघितली, मी दिवसभर पाणी पिऊन राहिले. संध्याकाळी इतकं हलकं वाटलं की मी गुरुवारही धरला, आणि पुढच्या महिन्यात शनिवारही.

ही माझी चूक झाली. एवढे उपास कशासाठी, हे हॉटेलात सगळ्यांना आपोआप समजलं. मूल नसलेली बाई आणखी कशासाठी करणार? महाराज स्वतः देवभोळे. त्यांना माझ्याविषयी फार वाटायला लागलं. सोमवारी सकाळी चूल पेटली की तेल चढवायच्या आधी ते वेगळ्या कढईत शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करायचे, तूप सुटेपर्यंत परतून. "व्रत करणारी बाई भुकी राहिली तर आम्हाला पाप लागते," असं म्हणून द्रोण माझ्या हातात ठेवायचे. गुरुवारी म्हातारी घरून साबुदाण्याची उसळ आणायची, दाण्याचं कूट घालून. शनिवारी शेटाणीबाईंकडून केळी आणि पेढे येत.

मी पहिल्यांदा नको म्हटलं, तेव्हा म्हातारीने माझ्या हातात काही दिलंच नाही. तिने माझा पदर ओढून पुढे धरला आणि सागाच्या पानात बांधलेली उसळ त्यात टाकली.

"हे ओटीतलं आहे," ती म्हणाली. "ओटीतलं परत करशीन तर कूस कशी भरन? खाऊन घे माय."

आता यावर काय बोलायचं? ओटीत घातलेलं नाकारायचं नसतं, हे मलाही लहानपणापासून माहीत. त्यातून मी मूल मागणारी. आमच्या भागात तलावांत शिंगाडे खूप. दिवाळीच्या आधी टोपल्याच्या टोपल्या विकायला येतात, उकडलेले, काळे, गरम. म्हातारी रोज मूठभर आणून माझ्या पदरात टाकायची. शेजारच्या पानठेल्यावरची बाई तिचं बघून गूळ-शेंगदाणे टाकायला लागली. ज्या दिवशी उपास नसे त्या दिवशी तर्री आणि आलुबोंडे होतेच.

मी घरी जेवणं सोडून दिलं. मालक ताटावर बसले की मी म्हणायचे, हॉटेलात झालं. सणाला आम्ही गावी, एकोडीला सासूबाईंकडे गेलो, तर तिथे घरचा नवा तांदूळ. मी भात थोडा घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, आमचा तांदूळ गोड लागत नाही का?" मी आणखी वाढून घेतला.

दिवाळी झाली. मालकांनी पुन्हा मला गिरणीत नेलं. मागच्या वेळेएवढी वजनं टाकली, काटा हलला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लोखंडाचं आणखी एक वजन उचलून टाकलं. तेव्हा काटा सरळ झाला. या वेळी कोणी हसलं नाही, कारण कोणी बघत नव्हतं. वजनं एकेक करून जागेवर ठेवायला मालकांना फार वेळ लागला.

त्याच आठवड्यात मी म्हातारीला सांगायचं ठरवलं. दुपारी महाराज झोपले होते, ती तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, पाळी, गिरणीतला काटा. म्हटलं, "मावशी, आता माह्या पदरात काही टाकू नका. तुमच्या पाया पडते."

तिने तांदळातला एक खडा काढून फेकला. मग म्हणाली, "डॉक्टरणीले का समजते? वाळलेल्या बाईच्या पोटात लेकरू राहते का?"

"त्या तसंच म्हणतात मावशी."

"आन मी ओटीत टाकतो ते तुले नको?"

"नको."

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. एखाद्याच्या घरी वाईट झाल्याचं कळल्यावर बघतात, तसं ती बघत होती. "बरं," ती म्हणाली.

तिने महाराजांना काय सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून महाराज माझ्याकडे बघेनासे झाले. मी बोललेलं बायकांचं गुपित आपल्या कानावर आलं, याची त्यांना लाज वाटली असावी. शिरा बंद झाला. प्लेटही बंद झाली. तर्री चाखायला त्यांनी वसाहतीतल्या एका घरच्या नव्या सुनेला बोलावलं. ती वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, आलू सोलायला ठेवलेली. ती मोठ्याने बोलायची. "मीठ कमी आहे महाराज," असं मोरीपर्यंत ऐकू यायचं.

मला हवं होतं तेच झालं. कोणी खा म्हणत नव्हतं. मी मोरीवर बसून भांडी घासायचे. जिलेबीचा घाणा निघाला की वास यायचा, आणि मला वाटायचं, आता महाराज हाक मारतील. मी हात धुऊन ठेवायचे. हाक त्या सुनेला जायची.

संक्रांतीला वसाहतीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलावत. त्या वर्षी म्हातारीच्या घरी मी गेले. तिने मला कुंकू लावलं, तीळगूळ हातावर दिला. बाकीच्यांच्या ओटीत बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे घातले. माझ्यापाशी आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. दुष्टपणाने नाही. मीच नको म्हटलं होतं. पण तिथे बसलेल्या सगळ्या बायकांना त्याचा एकच अर्थ लागला की हिने आशा सोडली. मी घरी येईपर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी मालक येण्याआधी मी भात टाकला आणि पातेल्यातूनच खाल्ला. नुसता, मीठ लावून. पुढे तशी सवय लागली. हॉटेलात काही खायचे नाही आणि घरी येऊन एकटी खायचे. ते थांबवायला कोणी नव्हतं, आणि आग्रह करायलाही कोणी नव्हतं. वजन उतरलं नाही. पाळी कधी यायची, कधी नाही, आणि चाळिशीच्या आत बंदच झाली. मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले नाही. मालकांनीही चल म्हटलं नाही. गिरणीवरून जाताना ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालायचे.

नंतर मला साखरेचा आजार निघाला. तहान लागायची, पाय जळायचे. आणि ज्याच्यासाठी मी तळमळले होते ते आपोआप व्हायला लागलं. वर्षभरात अंग उतरलं. ब्लाऊज सैल झाले. बांगडीवाली मागे माझ्या हाताला साबण लावून सगळ्यांत मोठ्या मापाच्या बांगड्या कशाबशा चढवायची. आता तिने मधलं माप काढलं, तेही सहज गेलं. "छान बारीक झाल्या वो तुम्ही," ती म्हणाली. हॉटेलातही सगळे तेच म्हणाले. ती सून तेव्हा दोन लेकरांची आई झाली होती आणि चव तीच बघत होती.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. म्हातारी आता कामाला येत नाही, तिला नीट दिसतही नाही. हॉटेलासमोर उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली आली होती, आणि ती नातवाचा हात धरून तिथे उभी होती. मी जवळ गेले तर तिने आवाजावरून ओळखलं. माझा दंड चाचपून पाहिला. खाली मनगटापर्यंत हात फिरवला.

"माय वो," ती म्हणाली. "काऊन अशी वाळली?"

मी म्हटलं, "साखर आहे मावशी."

तिला ते कळलं नाही, किंवा ऐकूच आलं नाही. तिने टोपलीतून ओंजळभर शिंगाडे उचलले आणि माझा पदर चाचपायला लागली. तिला तो सापडत नव्हता. शिंगाडे आता मला चालत नाहीत. डॉक्टर ओरडतात. ते कोणासाठी घ्यायचे आणि कशासाठी, हेही राहिलं नव्हतं.

मी पदर पसरून तिच्या हाताखाली धरला. शिंगाडे गरम होते. त्यांचं पाणी पदरातून झिरपून पोटाला लागलं. मी ते तसेच धरून घरी आले, आणि मालक ड्यूटीवरून येईपर्यंत पदर न सोडता बसून राहिले.