अरबाबची चिखलातली खोली

इथं आखातात, अल नहदातल्या मुलाच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी आम्ही दोघे-तिघे म्हातारे जमतो. जेवणं झाली की कोणीतरी म्हणतो, "ती लॉरी आठवते का?" आणि मग संध्याकाळपर्यंत उठायचं नाव नाही. जुने किस्से सुकटीसारखे असतात. एकदा डबा उघडला की सगळ्या घराला कळतं. सून हसून चहा ठेवते आणि नात मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते, "दादा, नॉट द लॉरी अगेन!"

पण लॉरीपासूनच सुरुवात करायला हवी, त्याला माझा इलाज नाही.

गोष्ट साठच्या पुढची, सत्तरच्या अलीकडची. तेव्हा अमिराती हे नाव नव्हतं, दिरहम नव्हता, आमच्या हातात रुपयेच पडायचे. आमचा अरबाब, म्हणजे मालक, मोत्यांचा जुना व्यापारी. मोत्यांचा धंदा कधीच बसला होता. तरुणपणी तो मोती विकायला मुंबईला जायचा, म्हणून हिंदी फाडफाड बोलायचा. मुंबईत त्यानं जुहूची हवा खाल्ली होती. तसंच काहीतरी आपल्या किनाऱ्यावर असावं, असं त्याच्या मनानं घेतलं. समुद्रासमोर ओळीनं बंगले, पुढे व्हरांडे, सुट्टीला येणारे तेल कंपन्यांचे गोरे साहेब. जागा त्याच्या वडिलांची होती, आज हमरिया फ्री झोन आहे त्याच्या अलीकडे. दिसायला पांढरी आणि टणक. वर मिठाची खपली, खाली चिखल. तिकडे अशा जमिनीला सबखा म्हणतात. आम्ही तिला काय काय म्हणालो ते नातीसमोर सांगता येत नाही.

मी तिथं मुकादम होतो. माणसं मी माझ्याच गावची, बाणकोटच्या खाडीकाठची आणली होती. काम बंद पडलं असतं तर सगळ्यांना बोटीत बसवून परत न्यायचं आणि गावच्या धक्क्यावर त्यांच्या बायकांसमोर उभं राहायचं, हे माझ्याच नशिबी होतं. चिखलाला मी घाबरत नव्हतो. त्या धक्क्याला घाबरत होतो.

*

तर लॉरी. पहिलंच सिमेंट घेऊन आली, अर्ध्या वाटेवर खपली फुटली आणि मागची चाकं आत. आमचा इंग्रज इंजिनियर साहेब कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला.

आमच्यात वयानं मोठे हसनभाई. पूर्वीचे तांडेल, सगळा जन्म मचवा हाकण्यात गेलेला. ते पुढे आले. त्यांनी लॉरीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "घाई कशाला? भरती येऊ दे."

आमच्याकडे गाळात रुतलेला मचवा भरतीच सोडवते. आम्ही सगळे खाडीकाठचे, त्यामुळे यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. मी साहेबाला समजावून सांगितलं. तो इंग्लंडहून नवा आलेला, त्याला वाटलं इथली हीच रीत असेल. आम्ही सगळे ओळीनं बसून भरतीची वाट बघत राहिलो.

भरती आली. लॉरीची पुढची चाकंही आत गेली!

खजुराचे ओंडके घालून, दोर लावून, दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदाची निघाली. सिमेंटचे धोंडे झाले होते. हसनभाई मात्र शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. "भरतीचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "गाडीचं बूडच चुकीचं बांधलंय."

*

सिमेंटला खारं पाणी चालत नाही. त्याच्यासाठी गोडं पाणी लांबून टँकरनं यायचं आणि साहेब त्या पिंपांना कुलूप घालायचा. आम्हाला मात्र विहिरीचं मचूळ पाणी. त्या पाण्यात दूध घातलं की फाटायचं. आमचे भटारी दाऊदचाचा रोज तसाच चहा करायचे, आणि साहेब रोज एक घोट घेऊन उरलेला वाळूत ओतायचा.

एके दिवशी चहा फक्कड झाला. साहेबानं अख्खा कप संपवला. मग त्यानं पिंपांकडे पाहिलं, मग दाऊदचाचांकडे पाहिलं. चोरी म्हणजे परतीची बोट. साहेबानं मला विचारायला लावलं की हे पाणी कुठलं.

दाऊदचाचा लुंगीला हात पुसत म्हणाले, "साहब, सिमेंट बोला, आज मेरे को प्यास नहीं."

मी भीत भीत इंग्रजीत सांगितलं. साहेबानं कप पुढे केला, अजून मागायला. त्या दिवसापासून सिमेंटच्या पाण्यातली एक बादली रीतसर चहाची झाली.

*

मग आम्ही आमची अक्कल चालवली. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे खाजणाला बांध घालतात. ते काम आमच्या बापजाद्यांनी केलेलं. साहेब "वेट, वेट" म्हणत राहिला आणि आम्ही जागेभोवती दगडमातीचा असा झकास बांध घातला की त्यावरून बैलगाडी गेली असती. भरती बाहेरच्या बाहेर थांबली. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

दुसऱ्या दिवशी बघतो तर आत तळं. तिथलं पाणी बाहेरून येतच नव्हतं, खालून वर येत होतं! आणि आता बांधामुळे त्याला बाहेर जायलाही वाट नव्हती. उन्हानं ते हळूहळू आटलं आणि मागे राहिलं मीठ, ढीगभर.

नेमका तेव्हाच अरबाब गाडीतून उतरला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "बंगला किधर है?"

दाऊदचाचांनी पुढे होऊन त्याच्या हातात मिठाची पुडी ठेवली. "पहला माल निकला, अरबाब."

अरबाबनं चिमूटभर जिभेवर ठेवलं, "अच्छा है" म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्या "अच्छा है"नं आम्हाला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

*

पहिली खोली आम्ही तरीही उभी केली. भिंती, छप्पर, फरशी, सगळं. महिना गेला नसेल, एक कोपरा सावकाश खाली बसला. डोळ्यांना फारसं कळायचं नाही. दाऊदचाचांनी मात्र तिच्यात चूल थाटली होती, त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. कांद्याची टोपली ते वरच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि स्वतः खालच्या कोपऱ्यात बसायचे. कांदा लागला की नुसता टोपलीला धक्का द्यायचा, कांदा चालत यायचा.

अरबाब आला तेव्हा एक कांदा घरंगळत दाराबाहेर पडला आणि त्याच्या चपलेला जाऊन टेकला.

त्यानं तो उचलला, चाचांना परत दिला आणि माझ्याकडे वळून हिशेब सांगावा तसं सांगितलं. ईदपर्यंत एक खोली, नवी, सपाट. तो स्वतः येऊन बघणार. "फर्श पे कुछ लुढका, तो खलास. सब बोट में."

त्या रात्री मी डोळे मिटले की गावचा धक्काच दिसायचा.

*

या वेळी साहेब सांगेल तसंच करायचं ठरलं. चिखल काढला, खाली समुद्रातले दगड भरले, त्यावर वाळू, पुन्हा दगड, आणि वर एकसंध जाड स्लॅब. उन्हात पाठी सोलून निघाल्या, पण कोणी कुरकुरलं नाही. काम झाल्यावर साहेब गुडघ्यावर बसला, लेव्हल ठेवली, एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

मी विचारलं, "साहेब, सीधा?"

"ऑलमोस्ट," साहेब म्हणाला.

त्या एका शब्दानं झोप उडवली. ऑलमोस्ट म्हणजे किती? तेवढ्यात असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली आणि हसनभाईंनी नव्या फरशीवर चटई टाकली. आमच्या मनात आलं, सजद्यात कपाळ टेकलं की माणसाला उतार कळणारच. तांडेल माणूस, त्याला तर पाण्याचाही उतार कळतो. आम्ही दाराशी श्वास रोखून उभे. त्यांनी सावकाश नमाज पुरी केली, सलाम फेरला, दुआ मागितली, चटईची घडी केली.

"हसनभाई, सपाट आहे का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही ओशाळतो. "मुकादम," ते म्हणाले, "नमाजात मी जमिनीचा विचार करत नाही."

*

ईदच्या आधी अरबाब आला. पायघोळ पांढराशुभ्र कंदुरा, हातात काठी, बरोबर कोणी नाही. दाऊदचाचांनी कांद्याची टोपली दूर नेऊन ठेवली होती. साहेब बाहेर उभा राहून सिगारेटी ओढत होता. आमची सगळी माणसं दारात आणि खिडकीत.

अरबाब खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्यानं छप्पर पाहिलं नाही, भिंती पाहिल्या नाहीत. खिशातून लाल फडक्याची छोटी पुरचुंडी काढली. गाठ सोडली. आत एक मोती होता, वाटाण्याएवढा, गोल. म्हातारा सावकाश खाली बसला आणि त्यानं तो मोती फरशीवर ठेवून हात काढून घेतला.

मोती थांबला.

मी श्वास सोडणार, तेवढ्यात तो हलला. इतका हळू, की आधी वाटलं आपलीच नजर हलतेय. मग जरा सरळ गेला, आणखी जरा, आणि समुद्राकडच्या भिंतीला हलकेच जाऊन टेकला.

मला धक्का दिसत होता, धक्क्यावरच्या बायका दिसत होत्या. हसनभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अरबाब बसूनच त्या मोत्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो उचलला, फुंकर मारली, फडक्यात बांधला आणि काठी टेकत उठला.

"मोती है," तो म्हणाला. "समंदर की तरफ ही जाएगा."

दाराशी गेला, चपला घातल्या आणि मागे न बघता मला विचारलं, "दूसरा कमरा कब शुरू करते हो?"