बाहेर जा, परत आत ये

"एकसष्ट," तो तरुण डॉक्टर मोठ्यानं म्हणाला, कारण लिहून घेणारी नर्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिला नीट ऐकू गेलं नाही. म्हणून त्यानं आणखी मोठ्यानं सांगितलं.

बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, माझ्या सुनेचंही एवढं भरत नाही. काट्यावर उभी होती माझी नात, अकरा वर्षांची. ती खाली उतरली, उजवी चप्पल डाव्या पायात घातली आणि तशीच रस्त्यावर चालू लागली.

डॉक्टरीणबाई टेबलामागे होत्या. त्यांनी एक बोट वर केलं आणि दाराकडे वळवलं. "बाहेर जा. परत आत ये." हे त्या तरुण डॉक्टरला. तो बाहेर गेला, आत आला. "परत." असं चार वेळा झालं. काय बदलायचं ते त्याला कळेना आणि बाई सांगेनात. मी नातीमागे धावत होते, त्यामुळे ही गंमत माझी हुकली. नर्सनं नंतर सांगितली.

या बाई आमच्याच रस्त्यात, दोन घरं सोडून भाड्यानं राहायच्या. मूळच्या मिरजेकडच्या, नवरा कुंभकोणम्‌चा. आम्ही मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथं तमिळ मुलखात, त्यामुळे माझी मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. म्हणायच्या, काकू, तुम्ही जुन्या दस्तऐवजासारखं बोलता. मी म्हणायची, तुमची मराठी बसमध्ये धावत चढल्यासारखी आहे. लहान मुलांच्या त्या डॉक्टर. दर गुरुवारी जाड मुलांना तपासायच्या, आणि नव्या डॉक्टरांना अशा मुलांशी कसं बोलायचं ते शिकवायच्या.

स्वतः बाई चांगल्या भरलेल्या होत्या. रिक्षात त्यांच्या शेजारी बसायचं तर दुसऱ्याला बारीक व्हावं लागे. मी पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, तुम्ही स्वतः एवढ्या, आणि पोरांना काय सांगणार? रागावल्या नाहीत. "म्हणूनच सांगते," म्हणाल्या. "मी नऊ वर्षांची असताना एका डॉक्टरनं माझ्या पोटाला बोट लावून माझ्या आईला विचारलं, यात काय भरता? मी नंतर वीस वर्षं कुठल्याही डॉक्टरकडे गेले नाही."

मी घरी मुरुक्कू करून विकते. मुरुक्कू म्हणजे तुमची चकली, पण आमची जास्त कुरकुरीत, वाद नको. बाईंनी मला शिकवणीत खोटी आजी म्हणून बसवलं. नवा डॉक्टर समोर बसायचा आणि जाड नातवंडाबद्दल माझ्याशी बोलायचा. मी त्याला पुरून उरायची, एवढंच माझं काम. इथं आजीला पाट्टी म्हणतात; एक जण म्हणाला, पाट्टी, पोराला तळलेलं देऊ नका. मी विचारलं, तुझी आजी तुला काय देते? तो म्हणाला, आजी नाही. मी म्हटलं, मग तुला काय कळणार, आणि पदर डोळ्यांना लावला. तो बिचारा माझी माफी मागू लागला. बाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. मग वळून म्हणाल्या, "बाहेर जा. परत आत ये. आणि या वेळी काय बंद करायचं ते नको सांगूस. त्यांच्या घरी काय चालतं ते विचार."

शिकवणी संपली की तेच डॉक्टर माझा मुरुक्कू डबाभर खायचे. तुम्हीही पाहिलं असतं तर हसला असता.

नातीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. तिच्या मानेवर काळपट पट्टा आला होता. मी तो डाळीच्या पिठानं घासायची. बाई म्हणाल्या, तो मळ नाही. रक्तात साखर वाढत असेल, तपासायला हवं, लवकर. पण त्या गुरुवारनंतर पोर दवाखान्याचं नाव काढलं की न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. जेवायला आमच्याबरोबर बसेना. दाराआड उभी राहून खायची, भराभर, चावताही नीट नसे. मुलानं ओरडून पाहिलं, सुनेनं रडून पाहिलं. मी दोन्ही केलं नाही, पण मुरुक्कूचा डबा वरच्या फळीवर ठेवला. त्यानं तर ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली.

बाईंनी मला एक विचित्र प्रश्न विचारला: या मुलीला वजन करून घेणं कधी आवडलं होतं का? मी म्हटलं, एकदाच, वर्षाची होती तेव्हा. सुनेला नऊ वर्षं मूल नव्हतं. तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस केला होता. पोर झाली तेव्हा तिथं गुळानं तुला केली. पारडं खाली गेलं तसे आम्ही खूश. आणखी गूळ आणा, आणखी आणा. पोर टाळ्या वाजवत होती. फोटो आहे.

बाई म्हणाल्या, रविवारी तिथं जायला गाडी सांगते.

गाडीत सहा नवे डॉक्टर, बाई, मी आणि नात. नात आली ती देवळात जायचं म्हणून. एकसष्ट ओरडणारा तो डॉक्टर मागच्या बाकावर होता. नातीनं त्याला पाहून खिडकीकडे तोंड केलं ते देऊळ येईपर्यंत.

तिथं एका बाळाची तुला चालली होती. बाईंनी डॉक्टरांना काट्याजवळच्या माणसाकडे बघायला सांगितलं. काय दिसतं? एक म्हणाला, तो काटा बघतोय. "नीट बघ." तो बाळाकडे बघत होता. एक हात बाळाच्या पाठीमागे धरलेला, तोंडानं काहीतरी गंमत चाललेली. किती गूळ लागला ते त्यानं बाळाच्या आईला जवळ जाऊन हळूच सांगितलं.

एवढ्यावर बाई थांबत्या तर बरं. पण त्यांनी आदल्या दिवशीच त्या तरुण डॉक्टरच्या नावानं तुलेची पावती फाडली होती. त्याला पारड्यात बसावं लागलं. काडीसारखा माणूस, थोड्याशाच गुळानं पारडं उचललं गेलं. दर्शनाच्या रांगेतल्या बायकांना चांगलाच विषय मिळाला. आई जेवायला घालत नाही का, म्हणाल्या. एकीनं त्याच्यासाठी नवस बोलायची तयारी दाखवली. त्याचे कान लाल झाले. नात माझ्या पाठीमागून बघत होती, आणि माझ्या लुगड्यात तोंड खुपसून हसली.

मी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, त्यानं पोरीला जे केलं तेच तुम्ही त्याला केलंत. "हो," म्हणाल्या. "पण तो सत्तावीस वर्षांचा आहे, उद्या माझ्याशी भांडेल. तिनं कोणाशी भांडायचं?" मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही अर्धंच पटतं.

परतताना तो तरुण डॉक्टर आपण होऊन नातीच्या पुढच्या बाकावर येऊन बसला. म्हणाला, मी तुझं वजन ओरडून सांगितलं, ते चुकलं.

नातीनं त्याच्याकडे तोंड वळवलं. मग विचारलं, "तुम्हांला किती गूळ लागला?"

"नाही सांगणार."

"मग माझंही कोणाला सांगायचं नाही. अज्जीलासुद्धा नाही."

"नाही सांगणार," तो म्हणाला.

मला राग आला. पण पुढच्या गुरुवारी ती गेली. काट्याकडे पाठ करून उभी राहिली, डॉक्टरनं आकडा स्वतःच लिहिला. रक्तही दिलं. साखर वाढायला लागली होती, वेळेवर कळलं. मग घरातलं सगळ्यांचंच जेवण बदललं. माझंही, विचारू नका.

मागच्या वर्षी बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि मुलाकडे नागपूरला गेल्या. जाताना माझ्याकडून दोन किलो मुरुक्कू घेतला आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या. त्यांच्या घरात आता मोबाइल दुरुस्त करणारा राहतो. त्याला कुणाशी दोन शब्द बोलायचा कंटाळा आहे.

लोक अजून त्या बाईंची हुशारी सांगतात, त्या डॉक्टरचं कौतुक करतात, मलाही थोडं मिळतं. नात सोळा वर्षांची झाली आहे, दवाखान्यात एकटी जाते. सोसलं ते तिनं. आम्ही बाकीचे बघणारे.